उपग्रह बनवायला कुठलं कॉलेज लागतं?

चांद्रयान-३ उतरलं त्याच्या नंतरच्या हिवाळ्यात शाळेने मला नववीच्या मुलांशी बोलायला बोलावलं होतं. फळ्यावर रंगीत खडूने नाव, खाली 'माजी विद्यार्थिनी, संगणक अभियंता'. तासभर बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि 'प्रश्न विचारा' म्हटल्याबरोबर, आपण करायचो तसंच, सगळे बाकाकडे बघायला लागले. मग मागून एक मुलगी उठली.

"मॅडम, उपग्रह बनवायला कुठलं कॉलेज लागतं?"

मी म्हटलं, "खूप अभ्यास कर, सायन्स घे, मग सगळं जमतं." ती "थँक्यू मॅडम" म्हणून खाली बसली. बाईंनी नारळ आणि शाल दिली.

संध्याकाळी आसनगाव स्टेशनवर लोकलची वाट बघत बसले तेव्हा लक्षात आलं, की त्या मुलीने रस्ता विचारला होता आणि मी तिला 'नीट चालत जा' एवढंच सांगितलं. आणि रस्ता मला तरी कुठे माहीत होता? संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या आहेत. त्या येतीलच. पण ते उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आधी लिहिते.

आपली बॅच १९९७ची. दहावीची परीक्षा आणि हेल-बॉप धूमकेतू एकदमच आले, हे कोणी विसरलं नसेल. मार्च-एप्रिलमध्ये दिवेलागणीनंतर वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, शेपटीसकट. आपल्याकडे भारनियमन, त्यामुळे आकाश काळंकुट्ट. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं, की हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश होतात. आपण सगळ्यांनी दोन दिवस मुठी धरल्या आणि सोडून दिलं. एकीने सोडलं नाही. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती रोज तारीख, वेळ, डोंगरापासून किती मुठी वर, शेजारी कुठला तारा, असं लिहीत राहिली, पेपर चालू असतानासुद्धा. गणितातही ती आपल्या सगळ्यांच्या पुढे होती. निकालानंतर तिला अकरावीला पाठवलं नाही. कॉलेज लांब, एसटी दिवसाला दोन, आणि पुढच्या वर्षी लग्न. आता भेटली तेव्हा मी वहीचं विचारलं. म्हणाली, "अगं, घर गळायचं, त्यात गेली." नाव लिहू नको असंही म्हणाली, म्हणून लिहीत नाही. तुम्ही ओळखलंच असेल.

सरांनी वर्गात आणलेला बैलगाडीचा फोटोही आठवत असेल. १९८१ साली आपल्या देशाचा 'ॲपल' हा दळणवळण उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला, तो फोटो. आपण हसलो होतो. म्हशाच्या जत्रेतले बैल बघून आलेल्या मुलांना ते फारच ओळखीचं वाटलं. आपण समजलो, बिचाऱ्यांना गाडी परवडली नाही. खरं कारण मला पस्तिशीत कळलं. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या जागी घ्यायची होती आणि लोखंडी गाडी जवळ असली की मोजमाप बिघडतं. लाकडी गाडी हा त्यावरचा साधा, नेमका उपाय होता.

पहिला भारतीय उपग्रह 'आर्यभट्ट' १९ एप्रिल १९७५ला सोव्हिएत रॉकेटवरून गेला. तो बंगळूरजवळ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तयार झाला. बनवणारे बहुतेक जण नुकतेच पदवी घेऊन आलेले आणि त्यांनी आधी कधी उपग्रह पाहिलेला नव्हता. म्हणजे इस्रोची सुरुवातच एका परीने शिकाऊ मुलांच्या प्रकल्पासारखी होती. पण पुढची तीस वर्षं हे काम इस्रोच्या भिंतींच्या आतच राहिलं. मी १९९९ ते २००३ इंजिनिअरिंग केलं. त्या काळात देशातल्या कुठल्याही विद्यार्थ्यांनी बनवलेला एकही उपग्रह आकाशात नव्हता. आमच्या वर्गात शेवटच्या वर्षाला निम्म्या गटांनी 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' केली, आमच्या गटानेही. पुस्तक दिलं, पुस्तक परत आलं, दंड किती. मला त्याची लाज नाही, नोकरी त्यावरच मिळाली. पण दंड चुकीचा लागला तर फार तर कोणाचे दोन रुपये जायचे. चूक झाली तर सगळंच जाईल, असं काही हातात घेऊन चार वर्षांत एकदाही काम केलं नाही.

आमच्यानंतर थोड्याच वर्षांनी दार उघडलं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा सुमारे ४० किलोंचा 'अनुसॅट' २० एप्रिल २००९ला गेला. १२ जुलै २०१०ला बंगळूर आणि हैदराबादच्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांचा 'स्टडसॅट', एक किलोच्याही आत. पुढच्या वर्षी कानपूर आयआयटीचा 'जुगनू'. आपल्या महाराष्ट्रात तोपर्यंत दोन ठिकाणी काम सुरू झालं होतं. पवईला आयआयटीत २००७ साली विद्यार्थ्यांनी 'प्रथम' हाती घेतला आणि पुण्याच्या सीओईपीत २००८च्या सुमारास 'स्वयं'. 'स्वयं' २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ वरून वीस उपग्रहांच्या गर्दीत गेला. 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, पीएसएलव्ही-सी३५ वरून.

या तारखांची वजाबाकी करा. एक आठ वर्षं, दुसरा नऊ. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली बैठक घेतली त्यातला कोणीही उड्डाणाच्या दिवशी पदवीचा विद्यार्थी नव्हता. ज्यांनी बटण दाबलं गेलेलं पाहिलं त्यांनी सुरुवात पाहिली नव्हती. मधल्या काही मुलांनी तर ना पहिलं पाहिलं ना शेवटचं. त्यांनी चार वर्षं फक्त चाचण्या केल्या, आराखडे बदलले, लिहून ठेवलं आणि पुढच्यांच्या हाती देऊन नोकरीला गेले. कॉलेजचा गणेशोत्सवसुद्धा तीन वर्षांत बंद पडतो हो. हे कसं टिकलं, हेच मला सगळ्यात जास्त आश्चर्याचं वाटतं. उत्तर कंटाळवाणं आहे: कागदपत्रं. प्रत्येक तारेचा, प्रत्येक ओळीच्या प्रोग्रामचा हिशेब लिहिलेला, कारण वाचणारा मुलगा अजून बारावीतसुद्धा नसेल.

'स्वयं'ची गंमत सांगते, कारण ती आपल्या आठवीच्या विज्ञानात बसते. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन एक किलोच्या आत. अवकाशात सोडल्यावर तो गडगडत फिरत राहणार. मग अँटेना जमिनीकडे कशी राहणार? मोठे उपग्रह त्यासाठी फिरती चाकं आणि वीज वापरतात. एवढ्याशा ठोकळ्यात वीज कुठली? या मुलांनी आत एक कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळते तसा अख्खा उपग्रहच जुळणार. पण सुई जागेवर येताना डुलत राहते. ते डुलणं थांबवायला खास धातूच्या कांड्या, ज्या चुंबकीय क्षेत्रात फिरताना थोडी थोडी शक्ती खातात. झोका थांबवायला आपण जमिनीला पाय घासतो, तसंच. विजेचा एक थेंब न वापरता उपग्रह स्वतःच सरळ होतो, म्हणून नाव 'स्वयं'. काम काय, तर एका ठिकाणाहून आलेला निरोप साठवून दुसऱ्या ठिकाणी देणं, हॅम रेडिओच्या लहरींवर.

'प्रथम' त्यापेक्षा मोठा, साधारण दहा किलोंचा. त्याला हवेच्या वरच्या थरातले मोकळे इलेक्ट्रॉन मोजायचे होते. सूर्यकिरणांनी तिथले अणू फुटतात आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांच्यातून जाताना रेडिओ लहर थोडी पिळली जाते. जीपीएसलाही हे इलेक्ट्रॉन चकवतात. 'प्रथम'ने दोन वेगवेगळ्या लहरी खाली पाठवायच्या, जमिनीवर दोन्हींचा पीळ मोजायचा आणि त्यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढायचं. आता यात खरी मेख अशी, की मोजणी उपग्रहात होत नाही, जमिनीवर होते. मग पवईच्या मुलांनी इतर कॉलेजांतल्या मुलांना बोलावून जमिनीवरचं केंद्र कसं उभारायचं ते शिकवलं. ज्यांना आयआयटीत प्रवेश मिळाला नव्हता, त्यांच्या गच्चीवरही त्या उपग्रहाचा आवाज उतरणार होता. असा उपग्रह दीडएक तासात पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं ऐकू येतो. दहा मिनिटांसाठी महिनोन् महिने तयारी.

माझा याच्याशी संबंध आला तो ऑफिसात. काही वर्षांपूर्वी मी नव्या मुलांच्या मुलाखती घेत होते. 'तुझी एखादी चूक सांग' या प्रश्नाला मुलं सहसा पाठ केलेलं उत्तर देतात, मी फार मन लावून काम करते, वगैरे. एका मुलाने सांगितलं, की कॉलेजात उपग्रहाच्या जमिनीवरच्या केंद्रासाठी त्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये वेळ एके ठिकाणी भारतीय धरली आणि दुसरीकडे जागतिक. अँटेना साडेपाच तास चुकीच्या आकाशाकडे तोंड करून बसली आणि सगळे शांतपणे काहीच ऐकत राहिले. मग ती चूक कशी शोधली, पुन्हा होऊ नये म्हणून काय लिहून ठेवलं, ते त्याने कागदावर काढून दाखवलं. तो आज माझ्या टीममध्ये आहे, अवकाशाशी काडीचा संबंध नसलेल्या कामावर. चुकीचा हिशेब द्यायला तो घाबरत नाही. मला ते शिकायला नोकरीत दहा वर्षं लागली.

शाळेच्या मुलामुलींसाठी काय झालं, तेही बघितलं. ७ फेब्रुवारी २०२१ला रामेश्वरमहून मुलांनी जोडलेले शंभर इवलेसे 'उपग्रह' सोडले गेले, त्यात महाराष्ट्रातली मुलंही होती. बातम्या जोरात आल्या. माझं मत विचाराल तर ते उपग्रह नव्हते. ती फुग्याला बांधलेली मोजमापाची यंत्रं होती, वर जाऊन खाली येणारी. काम चांगलंच, पण मुलांना खरं नाव सांगावं. आणि हल्ली 'उपग्रह कार्यशाळा' म्हणून दोन तासांत प्रमाणपत्र आणि हजार-पंधराशे रुपये, असेही प्रकार फिरतात. आपल्या भागातल्या पालकांनी पैसे भरण्याआधी एक विचारावं: मुलगा स्वतःच्या हाताने काय जोडणार आहे?

देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींचा 'आझादीसॅट' मात्र खराखुरा उपग्रह. आठ किलोंचा, आत मुलींनी प्रोग्राम केलेली छोटी छोटी ७५ यंत्रं. ७ ऑगस्ट २०२२ला तो इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटवरून निघाला आणि हरवला. कारण वाचलं तेव्हा माझ्यातल्या सॉफ्टवेअरवालीच्या पोटात गोळा आला. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची थरथर झाली. वेगातला बदल मोजणाऱ्या संवेदकांचे आकडे मर्यादेबाहेर गेले. संगणकाने ठरवलं की सगळेच बिघडले आणि तो पर्यायी मार्गावर गेला. रॉकेट ठणठणीत होतं, संवेदकही. पण शेवटी वेग सेकंदाला ५६ मीटर कमी पडला आणि उपग्रह टिकेल अशी कक्षा मिळालीच नाही. त्या मुलींना हे कोणी कसं सांगितलं असेल? इस्रोने कारण लपवलं नाही, जाहीर केलं. आणि १० फेब्रुवारी २०२३ला 'आझादीसॅट-२' नीट कक्षेत गेला. सहा महिन्यांत.

आता आपल्या लोकलच्या मार्गावर या. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाला की नुसताच भंगार म्हणून फिरत राहायचा. इस्रोने त्यावर सौर पट्ट्या आणि नियंत्रण बसवून त्याचा फिरता ओटा केला, नाव 'पोएम'. भाजी उतरवून रिकाम्या झालेल्या टेम्पोत कोणी आपली पेटी ठेवावी, तसं. आता कॉलेजांना अख्खा उपग्रह बनवायची गरज नाही, पेटी बनवली तरी चालते. १ जानेवारी २०२४च्या उड्डाणात त्या ओट्यावर सायनच्या के. जे. सोमय्या कॉलेजच्या मुलांचं हॅम रेडिओचं यंत्र होतं. शेजारी तिरुवनंतपुरमच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं अतिनील किरणं मोजणारं. ३० डिसेंबर २०२४च्या उड्डाणात पुण्याच्या एमआयटी विद्यापीठाचं. सायन! कसाऱ्याहून येणारी गाडी आपल्याला किती वेळा त्या स्टेशनवरून घेऊन गेली. आणि त्याआधी विक्रोळी लागतं, तिथे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची 'विकास' इंजिनं तयार होतात. मी खिडकीत बसून वर्षानुवर्षं तो परिसर पाहिला, आत काय बनतं ते माहीत नव्हतं. तिथे वेल्डर, टर्नर, फिटर लागतात. इस्रोसुद्धा दहावी आणि आयटीआय झालेल्यांना तंत्रज्ञ म्हणून घेते, जाहिराती निघतात. आपल्या वर्गातल्या ज्या मुलांनी आयटीआय केलं त्यांना आपण तेव्हा 'मार्क कमी पडले' म्हणालो होतो.

तर त्या मुलीला द्यायचं उत्तर. कॉलेज एक नाही. तिरुवनंतपुरमला २००७ साली सुरू झालेली इस्रोच्याच विभागाची आयआयएसटी आहे, जेईई ॲडव्हान्स्डवरून प्रवेश. पवई आहे, पुणे आहे, सायन आहे. कॉलेज निवडताना पटाआधी विचारायचं, की तिथे असा गट चालू आहे का आणि तो पहिल्या वर्षाच्या मुलांना घेतो का. तोवर हॅम रेडिओचा परवाना आहे, सरकारी परीक्षा देऊन बाराव्या वर्षापासून मिळतो. आणि इस्रोचा 'युविका' कार्यक्रम आहे. २०१९ला सुरू झाला तेव्हा प्रत्येक राज्यातून तीनच मुलं घेत होते, आता पुष्कळ जास्त घेतात. दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहणं, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. निवडीत ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना वेगळे गुण आहेत. म्हणजे आपण ज्याला आयुष्यभर अडचण समजलो, त्याचे तिथे गुण मिळतात.

फक्त तो नववीतल्या मुलांसाठी आहे. मी शाळेत बोलले तेव्हा ती नववीत होती. अर्ज त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये भरायचे होते. मी हे सगळं वाचलं एप्रिलमध्ये.

मी बाईंना फोन केला. म्हणाल्या, शाळेला कोणी कळवलं नाही, आणि कळलं असतं तरी अर्ज ऑनलाइन, मुलांकडे मोबाइल घरातल्या एकाकडे. मी काही बोलले नाही. शाळेत शाल घेऊन बसले होते तेव्हा कळवू शकणारी माणूस मीच होते.

ती मुलगी दहावी झाली. ऐंशीच्या वर टक्के आहेत आणि शहापूरला अकरावी सायन्सला जाते, असं बाई म्हणाल्या. सकाळची एसटी पकडायला अंधारात निघते. मी तिला पत्र लिहिलं आहे. वर लिहिलेलं उत्तर, जरा नीट मांडून, सायन आणि विक्रोळीच्या स्टेशनांसकट. हॅमच्या परीक्षेचं पुस्तकही त्यात घातलं. आपल्या त्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तिला मुठीचं सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. मग पत्राच्या शेवटी ते लिहिलं.

सध्याच्या नववीत एकोणचाळीस मुलं आहेत. अर्ज भरायला शाळेच्या संगणक खोलीतलं एक यंत्र चालतं, बाकीची दोन दुरुस्तीला आहेत, ती आपल्या बॅचमधल्या दोघांनी अंगावर घेतली आहेत. खोलीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून ठेवलं. शिपाईकाकांकडे. ते शनिवारी दुपारी दोनपर्यंत असतात.